टीव्हीचा फुल मोशन माउंट घेताय? आधी भिंत ठोकून बघा

कोणी मला विचारलं की टीव्ही भिंतीवर लावायचाय, हात असलेला माउंट कुठला घेऊ, तर मी उलट विचारतो की भिंत कसली आहे. समोरचा जरा वैतागतो, साहजिक आहे, त्याला मॉडेलचं नाव हवं असतं आणि मी भिंतीत घुसतो. पण साधा, भिंतीला चिकटून बसणारा माउंट असेल तर भिंत थोडी इकडे तिकडे असली तरी निभावून जातं, फुल मोशनमध्ये, म्हणजे या हातवाल्या माउंटमध्ये, नाही निभावत, कारण तो टीव्ही भिंतीपासून हातभर लांब लटकवतो आणि वर आपण त्याला रोज ओढतो, वळवतो, ढकलतो.

माझ्या पहिल्या माउंटची गोष्ट सांगतो. ४३ इंची टीव्ही होता, फार जड पण नव्हता. लावणाऱ्या माणसाने वीस मिनिटांत भोकं पाडली, माउंटच्या डब्यात आलेल्या आखूड गिट्ट्या (स्क्रू धरायला भोकात घालायच्या प्लास्टिकच्या नळ्या) ठोकल्या, टीव्ही चढवला आणि गेला, मी पण खुश. तीन महिने सगळं झकास कारण टीव्ही आम्ही भिंतीलाच दाबून ठेवलेला. मग एकदा घरी माणसं आली म्हणून हात पूर्ण बाहेर काढून टीव्ही जेवणाच्या टेबलाकडे वळवला, दोनेक तास तसाच ठेवला, आणि रात्री बंद करायला गेलो तर भिंतीवरच्या प्लेटच्या वरच्या बाजूला नख जाईल एवढी फट. टीव्ही उतरवून बघितलं तर वरची दोन्ही भोकं फनेलसारखी रुंद झालेली आणि बोट लावलं की नुसती भुकटी. गिट्टी अर्धी प्लास्टरमध्ये आणि अर्धी विटांच्या सांध्यात बसली होती, म्हणजे विटेत काहीच नव्हतं. माउंटला काहीही झालं नव्हतं बरं का, तो एकदम ठणठणीत.

असं का होतं ते नीट कळलं की बाकी सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून जरा इथे थांबतो. पाण्याने भरलेली बादली अंगाला चिकटून धरा, काही वाटत नाही. तीच बादली हात सरळ समोर ताणून धरा, दहा सेकंदात खांदा भरून येतो. बादलीचं वजन तेवढंच आहे, खांद्यावरचा पीळ वाढलाय. माउंटचा खांदा म्हणजे भिंतीतले वरचे बोल्ट. आता आकडे घालून बघू. टीव्ही २० किलोचा, हात ५० सेंमी बाहेर, आणि भिंतीच्या प्लेटवर वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये अंतर २० सेंमी. तर ५० भागिले २० म्हणजे अडीच, गुणिले २० किलो, म्हणजे वरच्या बोल्टना भिंतीतून उपटून काढणारी साधारण ५० किलोची ओढ बसते. हाच टीव्ही आत दुमडून भिंतीपासून ७ सेंमीवर असेल तर ओढ होते फक्त ७ किलो. टीव्ही तोच, बोल्ट तेच, भिंत तीच, नुसतं बाहेर ओढल्यावर सातपट. आणि हे टीव्ही शांत लटकलेला असताना, त्यात एखादं पोरगं त्या हाताला लोंबकळलं तर काय होईल ते तुम्हीच गणित करा.

या गणितातून अजून एक गोष्ट निघते जी दुकानात कोणी सांगत नाही. प्लेट जेवढी उभी लांब तेवढं चांगलं. वर-खालच्या बोल्टमधलं अंतर २० ऐवजी ३० सेंमी असेल तर तीच ५० किलोची ओढ ३३ वर येते. त्यामुळे दोन माउंट समोर असतील, दोघांवर सारखंच वजन लिहिलं असेल, तर मी डोळे झाकून उंच प्लेटवाला घेईन. छोटी चौकोनी प्लेट आणि लांबलचक हात हे कॉम्बिनेशन मला बघवत नाही.

आता आधी हे ठरवा की तुम्हाला फुल मोशन खरंच हवाय का. बऱ्याच लोकांना नको असतो, फक्त असलेला बरा म्हणून घेतात आणि नंतर कधी हलवतच नाहीत. सोफा बरोबर समोर आहे, सगळे तिथेच बसतात, तर फिक्स किंवा नुसता झुकणारा माउंट घ्या, टीव्ही भिंतीला जास्त चिकटून राहतो, दिसायला पण छान. फुल मोशनचा खरा उपयोग कुठे, तर एकाच खोलीत दोन जागांवरून बघायचं असतं तिथे, कोपऱ्यात टीव्ही लावायचा असतो तिथे, खिडकीचा उजेड दुपारी स्क्रीनवर पडतो आणि थोडं वळवावं लागतं तिथे, किंवा मागच्या पोर्टमध्ये सारखं काहीतरी काढघाल करायची सवय असते तिथे. अजून एक म्हणजे पॅनेल. काही एलईडी टीव्हीत व्हीए पॅनेल असतं, समोरून बघितलं तर काळा एकदम गडद पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात, अशा टीव्हीला वळवता आलं तर खूप फरक पडतो. आयपीएस किंवा ओएलईडी पॅनेल असेल तर बाजूने पण बऱ्यापैकी चांगलं दिसतं, मग तेवढ्यासाठी हात नको.

ठीक, हवाच आहे. मग भिंतीकडे या. बोटाच्या पेराने भिंतीवर ठिकठिकाणी ठोका. भिंत भरीव लागते, आवाजच येत नाही, हात दुखतो, तर काँक्रीट किंवा भरीव वीट. थोडा पोकळ, ढोलकीसारखा आवाज, तर आत जिप्सम बोर्ड किंवा पोकळ ब्लॉक, किंवा नुसतं प्लास्टर सुटलेलं आहे. खरी खात्री मात्र ड्रिल केल्यावरच होते, म्हणून मी आधी प्लेटमागे झाकलं जाईल अशा जागी एक ५ मिमीचं बारीक भोक पाडून बघतो. बाहेर काय भुकटी येते बघा. आधी प्लास्टरची राखाडी येईल, साधारण १२ ते २० मिमी, मग लाल आली तर मातीची वीट, राखाडीच येत राहिली आणि ड्रिल जीव तोडून पुढे जातंय तर काँक्रीट, पांढरट पीठ आलं आणि बिट लोण्यात गेल्यासारखी आत गेली तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा, आणि मध्येच बिट एकदम खचकन रिकाम्या जागेत गेली तर आत पोकळी आहे.

काँक्रीट असेल तर तुम्ही नशीबवान, ८ किंवा १० मिमीचे लोखंडी अँकर फास्टनर टाका आणि विसरा. विटेत मी लोखंडी फास्टनर टाळतो, तो आत फुगताना विटेला तडा देऊ शकतो, खासकरून कडेजवळ, त्यापेक्षा १० मिमीच्या लांब नायलॉन गिट्ट्या घ्या, ७०-८० मिमीच्या, म्हणजे प्लास्टरची जाडी वजा करूनसुद्धा विटेत भरपूर लांबी उरते. आणि भोक विटेच्या मधोमध येऊ द्या, सांध्यात नको, माझं जे झालं ते सांध्यामुळे झालं. प्लास्टरमुळे सांधा दिसत नाही हे खरंय, पण ड्रिल करताना कळतं, अचानक सोपं जायला लागतं आणि लाल भुकटीऐवजी वाळू येते. तसं झालं तर प्लेट दोन-तीन सेंमी वर किंवा खाली सरकवा, हट्ट करू नका.

एएसी ब्लॉकची भिंत म्हणजे डोकेदुखी, सरळ सांगतो. हलकी, मऊ, नेहमीची गिट्टी तिथे फिरत राहते. त्यासाठी वेगळ्या, रुंद पात्यांच्या गिट्ट्या मिळतात त्या घ्या, नाहीतर केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून त्यात स्टड, म्हणजे आट्यांचा गज, बसवायचा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्यायचं, घाई नाही. पोकळ ब्लॉकला पण केमिकलच, पण जाळीची नळी आधी आत घालायची, नाहीतर सगळं रसायन पोकळीत वाहून जातं आणि तुम्ही भरत बसता. भिंतीची दुसरी बाजू तुमचीच असेल तर सगळ्यात भारी उपाय म्हणजे आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, दिसायला बेकार पण हलणार नाही.

जिप्सम बोर्डच्या पार्टिशनमध्ये बोर्डावर भरवसा ठेवायचाच नाही. बोर्डाच्या मागे उभे लाकडी दांडे असतात, बहुतेक ठिकाणी एका दांड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ४० किंवा ६० सेंमी, त्या दांड्यात बोल्ट गेला पाहिजे. हे दांडे शोधायला स्टड फाइंडर मिळतो, नसेल तर छोटं ताकदवान चुंबक भिंतीवरून फिरवा, बोर्ड ज्या स्क्रूंनी दांड्याला मारलाय तिथे ते चिकटतं, आणि वर-खाली अजून दोन-तीन ठिकाणी तसंच चिकटलं की दांडा सापडला. दांड्याच्या मध्यावरच भोक, ८ मिमीच्या लॅग स्क्रूला (लाकडात मारायचा जाड स्क्रू) साधारण ५ मिमीचं आधीचं भोक पुरतं. दोन हातांचा माउंट असेल तर दोन दांडे पकडायलाच हवेत, म्हणून प्लेटची रुंदी आणि दांड्यांमधलं अंतर घेण्याआधी जुळवून बघा. आत लाकडाऐवजी पातळ पत्र्याचा चॅनेल असेल तर त्यात नुसता स्क्रू मारून फुल मोशन लटकवू नका, मागे १८ मिमीचा प्लायवूड दोन-तीन चॅनेलवर पसरून बसवा आणि मग त्यावर माउंट. ते छत्रीसारखे उघडणारे टॉगल बोल्ट असतात ना, त्यावर किलो लिहिलेले असतात खरे, पण सतत आत-बाहेर होणाऱ्या टीव्हीला ते मी लावणार नाही.

भिंत झाली, आता खरेदी. इथे तीन आकडे बघायचे आणि डब्यावरचे इंच जवळपास दुर्लक्ष करायचे. पहिला आकडा व्हेसा. टीव्हीच्या मागे चार भोकं असतात, त्यांच्यातलं आडवं आणि उभं अंतर मिमीमध्ये, म्हणजे २०० बाय २००, ४०० बाय ४००, ६०० बाय ४०० वगैरे, छोट्या स्क्रीनला ७५ किंवा १००. व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन नावाची संस्था आहे, तिने १९९७ पासून हे ठरवून दिलंय म्हणून एका कंपनीचा टीव्ही दुसऱ्या कंपनीच्या माउंटवर बसतो. मॅन्युअलवर विसंबण्यापेक्षा टेपने स्वतः मोजा, आडवं आधी. आणि टीव्हीची पाठ सपाट आहे का ते पण बघा, काही टीव्ही वर कागदासारखे पातळ आणि खाली फुगीर असतात, तिथे माउंटच्या पट्ट्या टेकत नाहीत आणि मध्ये प्लॅस्टिकचे स्पेसर घालावे लागतात.

दुसरा वजन. टीव्हीचं वजन स्टँडशिवायचं धरा, पण खाली साउंडबार त्याच हातावर लटकवणार असाल तर तो मिळवा. आणि माउंटवर लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्या-पाऊण भागातच राहा, शेवटच्या किलोपर्यंत नको. हे वजन माउंटच्या लोखंडाचं आहे, तुमच्या भिंतीचं नाही, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

तिसरा आकडा, आणि हाच लोक चुकवतात, हाताची लांबी. टीव्ही वळवायला तो आधी पुरेसा बाहेर यावा लागतो, नाहीतर एक कड भिंतीला धडकते. सोपा हिशोब आहे. टीव्हीच्या रुंदीचं निम्मं करा. पूर्ण काटकोनात वळवायचा तर हात निदान तेवढा बाहेर यायला हवा, ४५ अंशात वळवायचा तर त्याच्या ७० टक्के, ३० अंशात तर अर्धा. ५५ इंची टीव्ही जवळपास १२२ सेंमी रुंद असतो, निम्मे ६१, म्हणजे काटकोनाला ६१ सेंमी, ४५ अंशाला ४३, आणि ३० अंशाला ३०. टीव्हीची स्वतःची जाडी पण असते म्हणून दोन-चार सेंमी वरच धरा. ४३ इंचीची रुंदी ९५, ६५ इंचीची १४४, तुमचं तुम्ही काढा. डब्यावर लिहिलेलं असतं ९० अंश वळतो, अहो सांधा वळत असेल, पण हात ४० सेंमीचा आणि टीव्ही ६५ इंची असेल तर तो वळणार कुठे? उलट गरजेपेक्षा लांब हात पण घेऊ नका, वरचं बादलीचं गणित आठवा. घरात फक्त ३० अंश वळवायचं असेल तर ३५-४० सेंमीचा हात पुरे, उगाच ७० सेंमीचा कशाला.

एक हात की दोन? एक हातवाला छोट्या टीव्हीला, ३२-४३ इंचापर्यंत ठीक, एका दांड्यावर बसतो, स्वस्तात होतं. मोठ्याला दोन हात, म्हणजे कात्रीसारखे दोन्ही बाजूंनी दुमडणारे, डुलत कमी, आत ढकलल्यावर बरोबर मध्यावर येतात. शक्य असेल तर हातात घेऊन बघा, हात पूर्ण उघडा आणि टोक धरून वर-खाली हलवा. सांध्यांमध्ये खडखड असेल तर ती खडखड मोठ्या टीव्हीवर झोका होणार आहे.

कोपऱ्यात लावायचा असेल तर एका भिंतीवर कोपऱ्यापासून थोडं लांब प्लेट मारा आणि हाताने टीव्ही कोपऱ्याकडे न्या, पण आधी कागदावर वरून बघितल्यासारखं चित्र काढा, टीव्हीची रुंदी आणि हाताची लांबी मापात, नाहीतर दुसऱ्या भिंतीला कड लागते आणि सगळं परत करावं लागतं.

उंची. इथे भयंकर चुका होतात, बहुतेक सगळे टीव्ही फार वर लावलेले असतात, मान वर करून बघायचं. सोफ्यावर नेहमीसारखे रेलून बसा, ताठ नाही, आणि कोणालातरी जमिनीपासून तुमच्या डोळ्यापर्यंत मोजायला सांगा. बहुतेकांचं ९५ ते ११० सेंमीच्या मध्ये येतं. स्क्रीनचा मध्य तिथे किंवा जरासाच वर. झोपून बघणार असाल तर थोडा वर लावून खाली झुकवा, त्यासाठीच झुकवता येतो.

पण थांबा, लगेच तिथे भोक पाडू नका. टीव्हीमागची व्हेसा भोकं स्क्रीनच्या मध्यावर असतीलच असं नाही, खूप टीव्हीत ती खाली असतात. आणि माउंटचा टीव्ही पकडायचा भाग भिंतीच्या प्लेटच्या मध्यापासून वर-खाली असू शकतो. म्हणून टीव्ही गादीवर पालथा ठेवून, टीव्हीच्या वरच्या कडेपासून व्हेसा भोकांच्या मध्यापर्यंत मोजा, मग माउंटवर त्या भोकांची जागा प्लेटच्या बोल्टपासून किती, ते मोजा, आणि बेरीज-वजाबाकी कागदावर. मी तर टीव्हीच्या मापाचा पुठ्ठा कापून टेपने भिंतीवर लावतो आणि एक दिवस तसाच ठेवतो. घरचे हसतात, हसू दे. त्या एका दिवसात कळतं की दार उघडल्यावर लागतं का, स्विचबोर्ड झाकला जातो का, उजेड कुठून पडतो.

ड्रिल लावण्याआधी आत काय आहे ते बघा. स्विच, सॉकेट, दिव्याचा पॉइंट, यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. भिंतीपलीकडे बाथरूम किंवा किचन असेल तर पाण्याचा पाइप. वायर शोधायचं डिटेक्टर मिळतं, मागून आणा कोणाकडून तरी. आणि त्या खोलीचा मेन बंद करूनच ड्रिल करा, ड्रिल मशीनला लाइट दुसऱ्या खोलीतून घ्या.

प्लेट भिंतीला धरून पाणसळ लावा, बुडबुडा मध्ये आणा, फक्त एका भोकाची खूण करा, ते पाडा, बोल्ट सैल बसवा, परत पाणसळ लावा आणि मग बाकीच्या खुणा. चारही एकदम खुणवून पाडले की एखादं हमखास दोन मिमी सरकतं. बिट गिट्टीच्या मापाचीच, १० ची गिट्टी तर १० ची बिट. खोली गिट्टीपेक्षा १० मिमी जास्त, बिटवर तेवढ्यावर टेप गुंडाळा म्हणजे कळतं. काँक्रीट आणि भरीव विटेत हॅमर मोड, एएसी, पोकळ ब्लॉक आणि टाइल्सवर हॅमर अजिबात नाही, नुसतं फिरवायचं. भोकातली धूळ काढा, फुंकणी, ब्रश, व्हॅक्यूम काहीही, पण काढा, धुळीत गिट्टी धरत नाही, ही पायरी सगळे गाळतात. गिट्टी हाताने अर्धी आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण गेली पाहिजे, बोटाने सहज आत गेली तर भोक मोठं झालंय. डब्यातल्या गिट्ट्या कचऱ्यात नका टाकू पण भिंतीत पण नका टाकू, आपल्या भिंतीच्या हिशोबाने वेगळ्या आणा. बोल्ट हाताच्या पान्याने आवळा, मशीनने नको, शेवटी प्लेट घट्ट बसली की थांबा, अजून एक फेरा म्हणून जोर लावला तर विटेत आटे सुटतात.

आता टीव्ही चढवायच्या आधी परीक्षा. हात पूर्ण उघडा आणि टोकाला टीव्हीएवढं वजन लटकवा, पाण्याचे कॅन चालतात, २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो. अर्धा तास ठेवा आणि प्लेटच्या वरच्या कडेला कागद सरकतो का बघा. कागद गेला तर टीव्ही लावायचा नाही, विषय संपला.

टीव्हीला पट्ट्या लावताना स्क्रूची लांबी हा नाजूक मामला आहे. डब्यात एम ४, एम ६, एम ८ (म्हणजे ४, ६, ८ मिमी जाडीचे) असे ढीगभर स्क्रू येतात, छोट्या टीव्हीला एम ४, मधल्यांना एम ६, मोठ्यांना बहुतेक एम ८. आगपेटीची काडी भोकात घालून खोली मोजा, पट्टीची आणि वॉशरची जाडी मिळवा, स्क्रू त्यापेक्षा लांब नको. लांब स्क्रू जबरदस्तीने फिरवला तर तो आतून बोर्डाला किंवा पॅनेललाच टेकतो. आखूड पण नको, निदान सहा-सात पूर्ण फेरे बसायला हवेत. हाताने फिरवत न्या, सहज जात नसेल तर स्क्रू चुकीचा आहे.

चढवायला दोन माणसं, वाद नाही. ५५ च्या वर असेल तर तिसरा माणूस खालून सांगायला आणि लॉक लावायला. स्क्रीनवर बोटं दाबायची नाहीत, कडा धरा, ओएलईडी असेल तर जास्तच सांभाळून कारण तो वाकतो. हुक बसले की खालचे सेफ्टी स्क्रू किंवा क्लिप लावलेच पाहिजेत. ते नसतील तर खालून जरा वर ढकलला गेला की टीव्ही हुकातून सुटतो, आणि फुल मोशनमध्ये आपण तो रोज हाताळतो. टीव्ही चढल्यावर थोडा वाकडा दिसेल, घाबरू नका, वजनाने सांधे थोडे बसतात, बहुतेक माउंटला शेवटची लेव्हल करायचे दोन स्क्रू असतात, त्याने सरळ करा. लेव्हल हात आत असताना आणि बाहेर असताना दोन्हीकडे बघा.

केबल. माझा एक एचडीएमआय पोर्ट यातच गेला. टीव्ही भिंतीला असताना केबल मापात लावली, व्यवस्थित टाय मारून, आणि पहिल्यांदा पूर्ण बाहेर ओढला तेव्हा केबलने पोर्टच वाकवला. केबलचं माप नेहमी हात पूर्ण बाहेर आणि ज्या बाजूला केबल ताणली जाते त्या बाजूला पूर्ण वळवून घ्यायचं, वर अजून वीतभर ढील. केबल हाताच्या बाजूने न्यायची, क्लिप असतात त्यात, पण कोपराच्या सांध्यापाशी एक मोकळा वळसा सोडायचा आणि तिथे टाय मारायचा नाही, नाहीतर दुमडताना चिमटते. पहिल्यांदा हळूच आत-बाहेर करून बघताना टॉर्च लावून मागे बघत राहा. टीव्ही भिंतीला चिकटला की सरळ पिन आडवी येते तिथे काटकोनातला एचडीएमआय अडॅप्टर लागतो, तो वर वळणारा आणि खाली वळणारा असा दोन प्रकारचा येतो, पोर्टची दिशा बघून घ्या, मी चुकीचा आणला होता. सॉकेट प्लेटच्या बाजूला घ्या, हात दुमडून जिथे बसतो तिथे नको, प्लगचं डोकं आडवं आलं तर टीव्ही आत जातच नाही. टीव्हीची लवचिक पॉवर केबल भिंतीत पुरू नका, ती त्यासाठी नसते, इलेक्ट्रिशियनकडून टीव्हीमागेच पॉइंट काढून घ्या.

रोज वापरताना दोन्ही हात लावा, दोन्ही उभ्या कडांना, खालच्या अर्ध्या भागात. आधी सरळ बाहेर ओढा, मग वळवा, आत करताना उलट, आधी सरळ करा मग ढकला. एका कोपऱ्याला धरून ओढलं की सगळा पीळ एकाच बाजूच्या बोल्टवर आणि पॅनेलवर जातो. बोटं कात्रीत अडकतात, खरंच अडकतात, मुलांना ते काम देऊ नका. आणि झोपायच्या आधी आत ढकलून ठेवा, रात्रभर बाहेर लटकवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

काही महिन्यांनी टीव्ही आपोआप खाली झुकायला लागला किंवा वळवलेला परत फिरायला लागला तर माउंट खराब झालाय असं नाही, सांध्यातला नट सैल झालाय, एलन कीने, म्हणजे त्या षटकोनी चावीने, पाव फेरा आवळा, आणि परत बघा, फार आवळला तर हलवताना भिंतीवर जोर पडतो. सहा महिन्यांनी एकदा टीव्ही पूर्ण बाहेर काढून प्लेटच्या वरच्या कडेला परत तो कागद लावून बघा, आजूबाजूला प्लास्टरला केसासारखी चीर आहे का, खाली भुकटी पडलीय का. कागद गेला तर टीव्ही उतरवा आणि बोल्ट काढून भोक बघा, नुसता पाना फिरवून आवळू नका, कारण रुंद झालेल्या भोकात तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि आठवड्याने परत तेच. अशा वेळी जुन्या भोकात काड्या कोंबत बसण्यापेक्षा प्लेट थोडी सरकवून नवीन भोकं पाडा, जुनी भरून टाका.

उरलेले स्क्रू, स्पेसर आणि ती छोटी एलन की एका पिशवीत घालून, भोकांची मापं लिहिलेल्या कागदासकट, टीव्हीच्या मागे टेपने चिकटवून ठेवा. ड्रॉवरमध्ये ठेवलेली एलन की मला आजपर्यंत एकदाही सापडलेली नाही.